नगरधन : पायाखालची राजधानी

नगरधनचा किल्ला बघून परतणारे लोक साधारणपणे दोन प्रकारचे. काही जण तटावर उभं राहून फोटो काढतात आणि खूश होऊन रामटेकच्या रस्त्याला लागतात. काहींना आत राजवाड्याजोगं काहीच दिसत नाही, म्हणून ते हिरमुसतात. दोघांनीही जे बघायचं ते बघितलेलं नसतं. या गावाला राजधानी म्हणून मिरवायचा हक्क दिला तो या किल्ल्याने नाही. आजचा किल्ला गोंड राजांच्या काळातला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी तो दुरुस्त करून वापरात आणला. गावात अनेक जण तो पहिल्या रघूजींनी बांधला असंच सांगतात. खरी राजधानी त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधीची. ती किल्ल्याभोवतालच्या शेतांत आणि गावातल्या घरांखाली आहे.

नागपूरहून निघालं की कामठी, कन्हान नदीचा पूल, मग मॅंगनीजच्या खाणींचं मनसर. तिथे जबलपूरचा महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की रामटेक. रामटेकच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर नगरधन. नागपूर म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर संत्र्यांच्या बागा येतात, पण त्या काटोल-नरखेडकडे. हा पूर्वेकडचा पट्टा धानाचा. पावसाळ्यात इथे रोवणी चालू असते. बांध्यांमध्ये पाणी भरलेलं, बाया वाकून परे लावतायत आणि उत्तरेला रामटेकची टेकडी आणि तिच्यावरची पांढरी देवळं. ही टेकडी नगरधनमधून सतत दिसत राहते, आणि ती दिसणं या गावाच्या इतिहासात महत्त्वाचं आहे. त्याकडे येऊच.

आधी किल्ला. तो चौकोनी आहे, बाहेरचा तट बऱ्यापैकी शाबूत आहे आणि आत आणखी एक भिंत आहे. वायव्येचा मुख्य दरवाजा अजून चांगल्या स्थितीत आहे. आत जमिनीच्या पोटात एक छोटं देऊळ आहे. उन्हातून आत उतरलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग हळूहळू शेंदूर दिसतो, उदबत्तीचा वास येतो. पूजा चालू आहे, म्हणजे किल्ला ओसाड नाही. पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली आहे. एवढं बघायला अर्धा तास पुरतो, आणि माझ्या मते त्याहून जास्त वेळ तिथे घालवूही नये.

वेळ घालवायचा तो बाहेर, धुऱ्यांवर. धानाच्या बांधीच्या कडेला उभं राहून खाली बघितलं की लाल-काळ्या खापरांचे तुकडे दिसतात, विटांचे कोपरे दिसतात. जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढर म्हणतात. शतकानुशतकांची राख, शेण आणि घरांची माती यांनी तिथली जमीन फिकट आणि भुसभुशीत झालेली असते. नगरधनची पांढर गावाखालीच आहे, आणि तिचे अवशेष शेजारच्या हमलापुरीपर्यंत पसरलेले आहेत. म्हशी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, "किल्ला पाहाले आले का जी?" मी होकार दिला. म्हणाला, "नांगर लागला का इटा निघते इथं. पुन्याहून पोरं आली होती, खोदत होती. रानी होती म्हन्ते." कोणती राणी, असं विचारल्यावर तो हसला आणि म्हशींमागे निघून गेला. पण त्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बरोबर होत्या.

राणीचं नाव प्रभावतीगुप्ता. आपल्या शाळेच्या पुस्तकात वाकाटकांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो, त्यातही अजिंठ्याचा उल्लेख झाला की संपलं. खरं तर इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत विदर्भ आणि आसपासचा मोठा मुलूख या घराण्याकडे होता. विंध्यशक्ती हा मूळ पुरुष. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने सम्राट ही पदवी लावली. त्याच्यानंतर घराण्याच्या शाखा झाल्या. एक वत्सगुल्म म्हणजे वाशीमची. अजिंठ्याची सोळा क्रमांकाची गुंफा या शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतली. दुसरी शाखा नंदिवर्धनची, म्हणजे आपल्या नगरधनची.

या दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या रुद्रसेनाला उत्तरेच्या चंद्रगुप्त विक्रमादित्याने आपली मुलगी दिली. चंद्रगुप्ताला पश्चिमेकडच्या क्षत्रपांशी लढायचं होतं, त्या वेळी दक्षिणेला खात्रीचा शेजारी हवा, असा हिशेब त्यामागे असावा असं इतिहासकार म्हणतात. सोयरीक राजकारणाची होती हे तर उघडच आहे. पण तिचा पुढचा भाग कुणाच्या हिशेबात नसणार. इ.स. ४०० च्या आसपास रुद्रसेन वारला. मुलं लहान होती. पाटलिपुत्राच्या घरातली ही लेक नंदिवर्धनच्या गादीमागे उभी राहिली आणि तिने कारभार हातात घेतला, तोही चार-दोन वर्षांपुरता नाही. थोरला मुलगा दिवाकरसेन याची आई म्हणून तिने दिलेल्या ताम्रपटात तेरावं वर्ष नोंदलेलं आहे, आणि तेराव्या वर्षीही दिवाकरसेन युवराजच आहे, राजा नाही.

हा ताम्रपट वाकाटकांच्या इतिहासातला फार मोलाचा कागद म्हणायला हवा, आणि तो आपल्यापर्यंत आला तो केवळ नशिबाने. अहमदनगरच्या एका तांबटाच्या घरात हे पत्रे पिढ्यान् पिढ्या पडून होते. तांबटाच्या घरातलं जुनं तांबं म्हणजे उद्याचा हंडा. तो हंडा झाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्रे पुण्यात अभ्यासकांच्या हाती आले. का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी ते वाचून प्रसिद्ध केले, म्हणून त्यांना पुणे ताम्रपट म्हणतात. पुण्याचा त्यांच्याशी संबंध एवढाच. ते दिले गेले नंदिवर्धनहून.

मजकुरात दान आहे. दंगुण नावाचं गाव चनालस्वामी नावाच्या आचार्याला दिलं आहे, कार्तिक शुद्ध द्वादशीला, आधी भगवंताच्या पायांशी निवेदन करून. म्हणजे प्रबोधिनी एकादशीचा उपास आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला दान. रामटेकला आजही कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेची मोठी यात्रा भरते. एवढ्यावरून दोन्हींचा धागा जोडू नये हे मला कळतं, पण वाचताना मन तिकडे जातंच.

त्याहून रोचक आहे ती ताम्रपटाची सुरुवात. दान वाकाटकांच्या राज्यातून दिलं जातंय, पण वंशावळ गुप्तांची आहे. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, मग कुबेरनागा या नागकुळातल्या राणीच्या पोटी जन्मलेली ही मुलगी. सासरच्या घराण्याचा उल्लेख येतो, पण मागाहून. शिवाय ती आपलं गोत्र धारण असं सांगते. ते माहेरचं, गुप्तांचं. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. लग्नानंतर बाई नवऱ्याच्या गोत्राची होते हे आपण गृहीत धरतो. सोळाशे वर्षांपूर्वी एका राणीने तांब्यावर कोरून तसं न करण्याचं ठरवलं होतं. याला स्त्रीस्वातंत्र्याची घोषणा म्हणणं भाबडेपणाचं होईल. बापाच्या साम्राज्याचं वजन दाखवण्याचा राजकीय हेतू त्यात असणारच. पण वजन होतं ते तिने वापरलं, एवढं नक्की.

ताम्रपट हलतात. एका गावी दिले जातात, दुसऱ्या गावी पुरले जातात, तिसऱ्या गावी विकले जातात. त्यामुळे नंदिवर्धन म्हणजे नगरधनच, हे नावाच्या सारखेपणावरून आणि आजूबाजूच्या अवशेषांवरून अभ्यासक म्हणत आले. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी तर वाकाटकांच्या लेखांचं संपादन करण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. त्यांचा वाकाटक लेखांचा जाडजूड ग्रंथ १९६३ साली आला. या विषयावर काम करणाऱ्याला त्याच्याशिवाय आजही पुढे सरकता येत नाही. पण जमिनीतून हाताला लागेल असा पुरावा हवा होता.

तो २०१५ ते २०१८ या काळात मिळाला. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून नगरधनला उत्खनन केलं. शेतकरी म्हणाला ती पुण्याची पोरं हीच. एका मोठ्या भिंतीच्या माथ्यावर त्यांना मातीची एक लंबगोल मुद्रा सापडली. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या किंचित वर, रुंदी अडीचच्या आत, वजन ६.४० ग्रॅम. खारकेपेक्षा जराशी रुंद, एवढाच जीव. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचं नाव आहे आणि सोबत शंख कोरलेला आहे.

शंख विष्णूचा. वाकाटक राजे बहुतेक शिवभक्त होते. ही वैष्णव घरातून आलेली, आणि ती वैष्णवच राहिली. तिची मुद्रा तेच सांगते. अशा मुद्रेचा उपयोग कसा होई ते समजून घेतलं तर तिचं महत्त्व कळतं. पत्र किंवा गाठोडं दोरीने बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यात शिक्का दाबायचा. माती वाळली की गाठ सोडणाऱ्याला ती फोडावीच लागते. म्हणजे ही मुद्रा दरबारात मिरवायची वस्तू नाही, रोजच्या कारभाराचा पुरावा आहे. जिथे ती मिळाली ती भिंत राजवास्तूची असावी असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. ताम्रपटात जिचं नाव वाचलं तिचा शिक्का ताम्रपटात लिहिलेल्याच गावी मातीखालून निघावा, असा योग इतिहासात वारंवार येत नाही.

मला मात्र मुद्रेइतक्याच बाकीच्या सापडलेल्या वस्तू आवडतात. कानात घालायची काचेची कर्णभूषणं. भाजक्या मातीच्या बांगड्या. खेळण्यातली चाकं. सूत कातायच्या चात्या. अंग घासायच्या वज्री. लोखंडाची छिन्नी. हरणाचं चित्र असलेला दगड. गणपतीची एक साधी, दागिन्यांचा सोस नसलेली मूर्तीही मिळाली, म्हणजे त्या काळी इथे गणपतीची पूजा रुळलेली होती. आणि हाडं : गाय-बैल, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, कोंबडी आणि मांजर. राजधानीत मांजर असणारच, पण ते खोदून सिद्ध झालं की बरं वाटतं. राजघराण्याच्या गोष्टी वाचताना आपण विसरतो की त्या घराण्याखाली एक अख्खं गाव जगत होतं, गुरं राखत होतं आणि आंघोळीला वज्री वापरत होतं.

शेजारच्या हमलापुरीला बुद्धाच्या काशाच्या मूर्ती निघाल्या आहेत. राजे शैव, राणी वैष्णव आणि वेशीबाहेर बौद्ध. आज धर्माच्या नावाने चाललेली ओढाताण बघता, ही राजधानी त्या बाबतीत बरीच ऐसपैस होती असं म्हणावं लागतं.

आता त्या टेकडीकडे. प्रभावतीचा आणखी एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला. तेच रिद्धपूर, महानुभावांचं. हा ताम्रपट तिचा धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या वर्षातला. तोवर राणी म्हातारी झालेली आहे. हे दान दिलं गेलं रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून. रामगिरी म्हणजे रामटेक. नगरधनच्या बांधीतून जी टेकडी दिसते, तिच्यावरच्या देवाला साक्षी ठेवून राणी दान देत होती. हाच रामगिरी कालिदासाच्या यक्षाचा, असं मिराशींनी आयुष्यभर मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण रामटेकला कालिदासाचं स्मारक झालं, संस्कृत विद्यापीठ झालं. आपल्याकडे वादाचा निकाल अभ्यासकांआधी सरकार लावतं.

टेकडीवर भाविकांची रीघ रामाच्या देवळाकडे असते. वाकाटकांच्या काळची देवळं वाटेतच आहेत आणि त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन ठेंगणी, जाड दगडी देवळं चुकवू नका. आतले नरसिंह हिरण्यकशिपूला फाडणारे नाहीत. ते एक पाय दुमडून आरामात बसलेले आहेत, हातात चक्र, अंगाने चांगले भरलेले. तांबड्या दगडाच्या त्या मूर्तींमध्ये राग नाही, एक निवांत ताकद आहे. केवल नरसिंहाच्या देवळात एक बराच झिजलेला शिलालेख आहे. अभ्यासकांनी जेवढा वाचला त्यात प्रभावतीच्या नावाने स्थापलेल्या देवाचा उल्लेख येतो. जवळच वराह आहे. माणसाचं अंग आणि डुकराचं तोंड असा नाही, तर सबंध प्राण्याच्याच रूपातला, प्रचंड. त्याच्या पोटाखालून रांगत जाणारा पापमुक्त, अशी समजूत आहे. माझा देह त्या परीक्षेला बसण्याजोगा नसल्याने मी प्रयत्न केला नाही.

प्रवरसेनाबद्दल मराठी माणसाने आस्था बाळगायला एक खास कारण आहे. हा राजा कवी होता. त्याने सेतुबंध हे महाकाव्य लिहिलं, रामाने समुद्रावर बांधलेल्या सेतूचं, आणि ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. बाणभट्टाने सातव्या शतकात त्याची तारीफ केली आहे. पुढच्या एका टीकाकाराने हे काव्य प्रवरसेनासाठी कालिदासानेच रचलं असंही लिहून ठेवलं. राजाने चांगलं लिहिलं की दुसऱ्या कुणी लिहून दिलं असेल, ही शंका जुनीच दिसते. ज्या प्राकृताच्या वंशात आपली मराठी येते, त्यातलं एक थोर काव्य धानाच्या या पट्ट्यातल्या राजाचं आहे, हे नागपुरातही किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

याच प्रवरसेनाने नगरधनचं राजधानीपण काढून घेतलं. त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेले आहेत. अठराव्या वर्षाचा चम्मकचा ताम्रपट मात्र प्रवरपुराहून आहे, म्हणजे त्याने स्वतःच्या नावाने नवं शहर वसवलं. चम्मकच्या ताम्रपटात एक मजेशीर अट आहे : गाव हजार ब्राह्मणांना दिलं आहे, पण त्यांनी राजद्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांवर हात टाकायचा नाही, नाहीतर दान परत घेतलं जाईल. आणि हजारांपैकी नावं दिली आहेत फक्त ४९ जणांची. प्रवरपूर कुठलं, यावर वाद झाला. मिराशींनी पवनारकडे बोट दाखवलं होतं. नंतर मनसरच्या हिडिंबा टेकडीवर विटांचं भव्य बांधकाम उघडं झालं आणि कल मनसरकडे झुकला. मनसरला १९७२ साली मिळालेली शिवाची देखणी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मनसरचा वारसा नागार्जुनाशी जोडणारे बौद्ध अभ्यासकही आहेत, आणि तिथलं उत्खनन त्यांच्याच संस्थेच्या पुढाकाराने झालं.

पण नंदिवर्धनचं नाव पुसलं गेलं नाही. वाकाटकांचा पडता काळ आला तेव्हा नल घराण्याचा भवदत्तवर्मा इथे येऊन बसला आणि त्याने इथूनच ताम्रपट दिला. सहाव्या शतकात, ५७३ च्या सुमाराला, स्वामीराज नावाच्या एका सत्ताधीशाचा ताम्रपट नंदिवर्धनहून निघाला. आणि ९४० साली राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या देवळीच्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन अशा जोडनावाचा प्रांत येतो. नागपूर हे नाव लेखांत दिसतं ते इथे. म्हणजे बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमाराला शहर वसवलं त्याच्या साडेसातशे वर्षं आधी नागपूर होतं, आणि ते नगरधनच्या जोडीने ओळखलं जात होतं. आज नगरधन नागपूरजवळचं एक खेडं आहे. मोठेपणा सरकला, अंतर तेवढंच राहिलं.

गावाबद्दलची माझी तक्रार एकच आहे. इथे सापडलेलं इथे बघायला मिळत नाही. राजवाडा उभा करा असं कुणी म्हणत नाही. ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत मुद्रेची मोठी प्रतिकृती, ताम्रपटाचा फोटो आणि मराठीत चार फलक लावले तरी त्या म्हशीवाल्या आजोबांच्या नातवाला राणीचं नाव सांगता येईल. शेतं नांगरायची थांबवता येणार नाहीत आणि थांबवूही नयेत. पण घराचा पाया खणताना विटांची ओळ लागली तर कळवायचं कुणाला, हे गावात ठळक लिहिलेलं असायला काय हरकत आहे?

तुम्ही जाणार असाल तर उलटा क्रम लावा. आधी नागपुरात अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, एक सकाळ घालवा. तिथे हा सगळा परिसर डोळ्यांत बसतो. मग मनसर, मग रामटेकचे नरसिंह आणि वराह, आणि शेवटी नगरधन. रोवणी आटोपल्यावर किंवा धान कापून झाल्यावर जा, उभ्या पिकातून चालू नका. किल्ला बघा, पण नंतर धुऱ्यावरूनही एक फेरी मारा. खापराचा तुकडा सापडला तर हातात घेऊन बघा आणि जिथून उचलला तिथेच ठेवा. जागेवरून हलवलेल्या खापराकडून पुरातत्त्वज्ञाला फारसं काही कळत नाही.